संमतीने दिलेली मेंदू-चाचणी: निर्दोष माणसाने ती द्यावी का?

रानवाटा

आमच्या परिचयातील एका कुटुंबावर सध्या मोठे संकट आले आहे. त्यांचा मुलगा एका खासगी आस्थापनेच्या गोदामात काम करतो. तेथून बऱ्याच किमतीचा माल चोरीस गेला आणि त्या पाळीत हजर असलेल्या सर्वांनाच पोलिसांनी वारंवार चौकशीसाठी बोलावले. मुलाला अटक झालेली नाही. मात्र त्याने पॉलिग्राफ (नाडी, श्वास, घाम यांवरून खोटे पकडू पाहणारी) आणि ‘बीईओएस’ (मेंदूच्या लहरींवरून अनुभव ओळखू पाहणारी) या दोन चाचण्यांना लेखी संमती द्यावी, म्हणजे संशयितांच्या यादीतून त्याचे नाव कमी करणे सोपे जाईल, असे तपास अधिकाऱ्यांनी सुचवले आहे. व्यवस्थापनाचाही तसाच आग्रह दिसतो. ‘ज्याने काही केलेच नाही त्याला कशाची भीती?’ हे वाक्य त्या घरात गेले काही दिवस इतक्या जणांनी उच्चारले आहे की, आता वडिलांनाही ते पटू लागले आहे.

मी अनेक वर्षे महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवले असल्याने ते माझ्याकडे सल्ला विचारायला आले. मी त्यांना एवढेच सांगितले की, घाईने सही करू नका, मी जाणकारांना विचारतो. नार्को (गुंगीचे औषध देऊन केलेली चौकशी), पॉलिग्राफ आणि मेंदूच्या विद्युत्‌-आलेखाची चाचणी सक्तीने करता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2010 चा निकाल आहे, हे मला ठाऊक आहे. परंतु माणूस स्वतःहून तयार असेल तर काय? त्या चाचणीतून तो निर्दोष दिसला तर न्यायालय ते मानते का? आणि चाचणीनेच चूक केली तर तिचे परिणाम कोणी भोगायचे?

याच्याही पलीकडचा एक प्रश्न मला अधिक अस्वस्थ करतो. आजवर या चाचण्यांविरुद्ध आपण जे बोलतो, त्यातील बराच भाग ‘यंत्र विश्वासार्ह नाही’ या मुद्द्यावर उभा आहे. मज्जाविज्ञानाची प्रगती पाहता उद्या खरोखर विश्वासार्ह यंत्र हाती आले, तर आपला आक्षेप संपतो का? संपत नसेल तर तो नेमका कशावर आधारलेला आहे? वकिली आणि वैद्यकीय अशा दोन्ही बाजूंच्या जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

न्यायप्रविष्ट

रानवाटा सर, मी फौजदारी वकिली करतो. व्यवहाराचा प्रश्न तातडीचा आहे, म्हणून त्याचे उत्तर आधी देतो: सध्याच्या कायद्याच्या चौकटीत निर्दोष माणसाला या चाचणीतून मिळण्यासारखे जवळपास काही नाही, आणि गमावण्यासारखे बरेच आहे. आता कारणे सांगतो.

राज्यघटनेच्या अनुच्छेद 20(3) प्रमाणे कोणत्याही आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही. ‘साक्ष’ कशाला म्हणायचे, याचा निवाडा 1961 मध्ये ‘मुंबई राज्य विरुद्ध काथी कालू ओघड’ या खटल्यात 11 न्यायाधीशांच्या घटनापीठाने केला. बोटांचे ठसे आणि हस्ताक्षराचे नमुने हे शरीराशी निगडित पुरावे आहेत, त्यांतून माणूस स्वतःला ठाऊक असलेली कोणतीही गोष्ट सांगत नसतो, म्हणून ते सक्तीने घेता येतात, असा त्याचा सारांश. मेंदूचा आलेख या रेषेच्या कोणत्या बाजूला पडतो, हा वादाचा विषय ठरला. मुद्रांक घोटाळ्याच्या तपासात 2004 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पॉलिग्राफ आणि मेंदू-चाचणीला हिरवा कंदील दिला. आरोपी तोंडाने काहीच बोलत नाही, म्हणजे तो ‘निवेदन’ करत नाही, असा तेव्हाचा युक्तिवाद होता.

त्यानंतर 2008 च्या जून महिन्यात पुण्याच्या सत्र न्यायालयाचा तो निकाल आला, ज्याची चर्चा पुढे जगभर झाली. पूर्वीच्या वाग्दत्त वराचा प्रसादातून आर्सेनिक देऊन खून केल्याचा आरोप एका तरुण विद्यार्थिनीवर होता. तिने संमती दिली आणि मुंबईत तिची बीईओएस चाचणी झाली. हे तंत्र बंगळुरूच्या ‘निम्हान्स’ या मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्थेत पूर्वी काम केलेले मज्जामानसशास्त्रज्ञ सी. आर. मुकुंदन यांनी विकसित केले आहे. इलेक्ट्रोड लावलेली टोपी घालून, डोळे मिटून, गप्प बसायचे आणि प्रथमपुरुषी विधाने ऐकायची, उदाहरणार्थ ‘मी आर्सेनिक विकत घेतले’. मधूनमधून ‘आकाश निळे आहे’ अशी निरुपद्रवी वाक्येही येतात. उत्तर द्यायचे नसते. या घटनेचे तिला ‘अनुभवजन्य ज्ञान’ आहे, असे मेंदूच्या लहरींवरून सांगितले गेले, न्यायालयाने इतर परिस्थितीजन्य पुराव्यासोबत ते ग्राह्य धरले आणि तिला व तिच्या पतीला जन्मठेप झाली. पुढे मुंबई उच्च न्यायालयाने शिक्षेला स्थगिती देऊन जामीन दिला. तिने दिलेली संमती तिच्या कामी आली नाही, ती सरकार पक्षाच्या कामी आली, एवढे तुमच्या परिचितांना जरूर सांगा.

5 मे 2010 रोजी ‘सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य’ या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने चित्र बदलले. सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन, न्या. आर. व्ही. रवींद्रन आणि न्या. जे. एम. पांचाळ यांच्या खंडपीठाने ठरवले की, माणूस गप्प बसलेला असला तरी त्याच्या डोक्यातील वैयक्तिक माहिती बाहेर काढली जात असेल, तर ती साक्षच आहे. ठशांशी तिची तुलना होऊ शकत नाही. सक्तीची चाचणी अनुच्छेद 20(3) आणि जीवित व व्यक्तिस्वातंत्र्याचा अनुच्छेद 21 या दोहोंच्या विरुद्ध आहे. तुमच्या प्रश्नाला थेट भिडणारा भाग यापुढचा आहे: चाचणी संमतीने झाली तरीही तिचा निष्कर्ष पुरावा म्हणून दाखल होऊ शकत नाही, कारण चाचणी सुरू असताना आपल्या प्रतिसादांवर माणसाचे जाणीवपूर्वक नियंत्रण नसते. संमतीने झालेल्या चाचणीच्या मदतीने पुढे एखादी वस्तू किंवा माहिती सापडली, तर तेवढी मात्र जुन्या पुरावा कायद्याच्या कलम 27 खाली, म्हणजे आताच्या भारतीय साक्ष्य अधिनियमातील कलम 23 च्या परंतुकाखाली, दाखल करता येते.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. ‘निर्दोष’ असा अहवाल आला, तरी त्याच्या बळावर कोणतेही न्यायालय त्या मुलाला निर्दोष ठरवणार नाही आणि तपास यंत्रणेवरही तो बंधनकारक नाही. उलट अहवाल आला, तर तो दोषारोपपत्रात पुरावा म्हणून टिकणार नाही हे खरे, पण तपासाचा सगळा रोख त्या क्षणापासून त्याच्याकडे वळेल, त्याच्या घराची झडती होईल, अटकेची शक्यता वाढेल आणि वर्तमानपत्रांतून ‘चाचणीत दोषी’ असा बोभाटा होईल तो वेगळाच. फायदा झाला तर कागदावर उमटत नाही आणि तोटा मात्र लगेच अंगावर येतो, असा हा व्यवहार आहे.

अलीकडे 9 जून 2025 रोजी ‘अमलेश कुमार विरुद्ध बिहार राज्य’ या निकालात न्या. संजय करोल आणि न्या. प्रसन्न वराळे यांनी सेल्वीचीच भूमिका पुन्हा अधोरेखित केली. जामिनाच्या सुनावणीत सर्व आरोपींची नार्को करू, हे पोलिसांचे म्हणणे पाटणा उच्च न्यायालयाने मान्य केले होते, ते रद्द झाले. आरोपीलाही स्वेच्छेने नार्को मागण्याचा निरपवाद हक्क नाही. खटल्यात स्वतःचा पुरावा देण्याच्या टप्प्यावर तो तशी विनंती करू शकतो आणि न्यायालय संमती, सुरक्षेची व्यवस्था आणि एकूण परिस्थिती पाहून ठरवेल, असे त्यात म्हटले आहे.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाविषयी माझे मत असे. सेल्वीचा निकाल दोन पायांवर उभा आहे: चाचणीची अविश्वसनीयता आणि माणसाचे स्वातंत्र्य. त्या निकालात ‘मानसिक खासगीपणा’चा विचार स्पष्टपणे आला आहे, आणि 2017 च्या पुट्टस्वामी निकालात नऊ न्यायाधीशांनी खासगीपणाला मूलभूत हक्क म्हटल्यावर त्याला अधिक बळ आले. पहिला पाय विज्ञानाच्या प्रगतीबरोबर कमजोर होत जाणार, हे गृहीत धरूनच आपण दुसरा भक्कम करायला हवा. मौन पाळण्याचा हक्क माणूस खोटे बोलेल या भीतीने दिलेला नाही. शासनाची ताकद आणि एकट्या माणसाची ताकद यांत जे अंतर आहे, त्यामुळे दिलेला आहे. अचूक यंत्राने हे अंतर कमी होत नाही, ते कित्येक पटींनी वाढते.

तरंगलांबी

मी ईईजीवर, म्हणजे मेंदूच्या लहरींच्या आलेखावर, काम करते, तपासकामाशी माझा संबंध नाही. वरील प्रतिसादातील कायद्याच्या भागावर मी काही बोलणार नाही. यंत्र काय मोजते आणि काय मोजत नाही, एवढेच सांगते, कारण ‘मेंदू खोटे बोलत नाही’ या समजुतीने बरेच अनर्थ होत आले आहेत.

डोक्याच्या त्वचेवर लावलेल्या इलेक्ट्रोडना मिळतो तो असंख्य चेतापेशींच्या एकत्रित हालचालीचा अतिशय क्षीण विद्युत्‌ संकेत. ओळखीचा किंवा महत्त्वाचा वाटणारा शब्द, चित्र वा आवाज समोर आला की, साधारण 300 मिलिसेकंदांच्या आसपास एक धन लहर उमटते, तिला पी-300 म्हणतात. तिच्या आधाराने ‘माहिती दडवली आहे का’ हे शोधण्याचा प्रयत्न अमेरिकेत लॉरेन्स फारवेल आणि इमॅन्युएल डॉन्चिन यांनी केला आणि त्यांचा शोधनिबंध 1991 मध्ये प्रसिद्ध झाला. फारवेल यांनी पुढे त्याला ‘ब्रेन फिंगरप्रिंटिंग’ असे नाव देऊन प्रचार केला. आयोवा राज्यातील एका जन्मठेपेच्या कैद्याच्या प्रकरणात 2001 मध्ये खालच्या न्यायालयाने हा पुरावा ऐकून घेतला, परंतु 2003 मध्ये त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली ती पोलिसांनी दडवलेल्या कागदपत्रांमुळे, मेंदू-चाचणीमुळे नव्हे. प्रचारात हा दुसरा भाग बहुधा गळतो. पीटर रोझेनफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2004 मध्ये दाखवून दिले की, साध्या मानसिक आणि शारीरिक युक्त्या शिकवल्या तर लोक अशी चाचणी चुकवू शकतात. म्हणजे सराईत माणूस सुटण्याची आणि भाबडा माणूस अडकण्याची शक्यता तेथेही आहे.

बीईओएसचा दावा याहून पुढचा आहे. एखादी गोष्ट नुसती ठाऊक असणे आणि ती स्वतः अनुभवलेली असणे, या दोहोंत भेद करता येतो, असे म्हटले जाते. स्मृतीच्या अभ्यासात हा भेद खरोखर महत्त्वाचा आहे, त्यामुळे कल्पना पोकळ नाही. अडचण अशी की, स्मृती साठवलेल्या चित्रफितीसारखी राहत नाही. दर वेळी आठवताना ती नव्याने रचली जाते. मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस यांच्या प्रयोगांनी 1974 पासून हे पुनःपुन्हा दाखवले आहे की, प्रश्न कसा विचारला यावरूनही माणसाची आठवण बदलते आणि कधीच न घडलेल्या प्रसंगाची आठवणही काही जणांच्या मनात रुजवता येते. आता त्या गोदामातील मुलाचा विचार करा. चोरी कोणत्या दाराने झाली, कोणती पेटी गेली, किती वाजता गेली, हे त्याने चौकशीत किती वेळा ऐकले असेल! रात्री पडल्या पडल्या त्याने ते किती वेळा डोळ्यांसमोर आणले असेल! अशा माणसाला ‘मी मागच्या दाराने पेटी बाहेर काढली’ हे वाक्य ऐकवल्यावर मेंदूत जे उमटेल, ते केलेल्या कृत्याचे की आरोपाच्या धास्तीचे, हे खात्रीने सांगता यावे इतका पुरावा माझ्या पाहण्यात नाही. निम्हान्सचे तत्कालीन संचालक डी. नागराज यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीनेही 2008 मध्ये या चाचण्या शास्त्रीय कसोटीवर उतरत नाहीत, त्या तपासात किंवा न्यायालयात वापरू नयेत, असा अभिप्राय दिला होता.

अचूकतेच्या आकड्यांविषयी एक साधे गणित मांडते, ते सर्वांनी स्वतः करून पाहावे. समजा, त्या पाळीत 50 माणसे होती आणि चोर एकच आहे. चाचणी दोन्ही बाजूंनी 90 टक्के अचूक आहे असेही उदारपणे मानू. उरलेल्या 49 निर्दोष माणसांपैकी सुमारे 5 जणांना ती चुकून दोषी दाखवील आणि खरा चोर बहुधा सापडेल. म्हणजे ‘दोषी’ असा शिक्का बसलेल्या सहा जणांपैकी पाच निरपराध असतील. नव्वद टक्के हा आकडा ऐकायला भरभक्कम वाटतो, पण ज्या कामासाठी ती चाचणी वापरायची त्या कामात तो एवढाच उपयोगी पडतो. संशयितांचे वर्तुळ जितके मोठे, तितका निरपराधांवरचा घाला मोठा.

न्यायप्रविष्ट यांच्या शेवटच्या परिच्छेदाशी मी सहमत आहे आणि त्यात माझ्या क्षेत्राच्या वतीने एक भर घालते. रुग्णांसाठी मेंदूचे संकेत वाचण्याचे तंत्र झपाट्याने पुढे जात आहे. पक्षाघाताने वाचा गेलेल्या माणसांना मेंदूत बसवलेल्या इलेक्ट्रोडद्वारे पडद्यावर शब्द उमटवता येऊ लागले आहेत. हे काम थांबावे असे मला कधीही वाटणार नाही. नेमके म्हणूनच, रुग्णाच्या इच्छेने आणि त्याच्या भल्यासाठी केलेले वाचन आणि संशयिताकडून काढून घेतलेले वाचन, यांतील सीमा आत्ताच कायद्याने आखून ठेवली पाहिजे. आज अचूकतेच्या अभावाचे कारण देऊन आपण निश्चिंत राहिलो, तर ज्या दिवशी ते कारण उरणार नाही त्या दिवशी हाती काहीच नसेल.

निवृत्त_फौजदार

वरील दोन्ही प्रतिसाद अभ्यासपूर्ण आहेत, तरी दुसरी बाजू मांडणे मी माझे कर्तव्य समजतो. मी तपासकामात आयुष्य घालवले आहे. तपास अधिकाऱ्याच्या टेबलावर एकाच वेळी किती गुन्हे असतात, साक्षीदार कसे फिरतात आणि वरून किती दबाव असतो, याची कल्पना बाहेरून येत नाही. अशा वेळी पूर्वी काय व्हायचे, हे सर्वांना ठाऊक आहे. हातात पट्टा घेण्यापेक्षा डोक्याला टोपी लावणे शतपटीने माणुसकीचे आहे, असे आम्हाला प्रामाणिकपणे वाटत असे आणि आजही माझे मत फारसे बदललेले नाही.

फिर्यादीचाही विचार व्हावा. ज्या आईची मुलगी बेपत्ता आहे आणि जिच्याविषयी काही ठाऊक असलेला एकमेव माणूस गप्प बसून आहे, तिला मौनाच्या हक्काचे तत्त्वज्ञान कसे समजावून सांगायचे? संमतीने केलेली चाचणी पुरावा म्हणून वापरू नये, हे मला मान्य आहे. पण तपासाला दिशा देण्यापुरती ती ठेवली, तर त्यात एवढे अनैतिक काय, हे मला अजून पटलेले नाही. प्रामाणिक अधिकारी तिचा वापर निरपराधांना लवकर मोकळे करण्यासाठीही करतात.

न्यायप्रविष्ट

फौजदार साहेब, तुमच्या म्हणण्यातील कळकळ मी समजू शकतो. मारहाणीला सौम्य पर्याय हा मुद्दा सर्वोच्च न्यायालयापुढेही मांडला गेला होता. एका गैरप्रकाराच्या जागी दुसरा आणणे हा युक्तिवाद होऊ शकत नाही, अशा आशयाचे उत्तर न्यायालयाने दिले. मारहाण आधीच बेकायदा आहे. ती थांबवण्याची किंमत आरोपीने स्वतःच्या मनाचे दार उघडून द्यावी, अशी अपेक्षा करता येत नाही. शिवाय मारहाणीचे व्रण दंडाधिकाऱ्यांना दिसतात. संमतीपत्रावरची सही दबावाखाली झाली की नाही, हे कागदाकडे पाहून कोणालाही कळत नाही.

बेपत्ता मुलीच्या आईचा प्रश्न मात्र खरा आहे, आणि त्याला माझ्याकडे सोपे उत्तर नाही. एवढेच म्हणेन की, कायदा अपवादाच्या सर्वांत हृदयद्रावक प्रसंगावरून लिहिला, तर तो लवकरच गोदामातील चोरीलाही लागू होतो. रानवाटा सरांचा मूळ प्रश्नच त्याचे उदाहरण आहे. येथे कोणाचा जीव धोक्यात नाही, तरी पाळीतील सगळ्यांच्या मेंदूकडे बोट गेले.

रानवाटा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. तरंगलांबी यांचे सहापैकी पाचांचे गणित मी त्या वडिलांना कागदावर मांडून दाखवले, तेव्हा त्यांचा चेहरा बदलला. मात्र त्यांनी एक नवी अडचण सांगितली. पोलिसांना नाही म्हणणे एक वेळ जमेल, परंतु व्यवस्थापनाने स्वतःच एका खासगी संस्थेकडून पॉलिग्राफ करून घेण्याची तयारी चालवली आहे, आणि जो नकार देईल त्याच्याविषयी ‘योग्य तो विचार’ केला जाईल, असे तोंडी सांगितले आहे. मालकाने अशी चाचणी मागितली तर कायदा काय म्हणतो? तेथे अनुच्छेद 20(3) चे संरक्षण मिळेल का?

मोगरा

मी माहिती-संरक्षणाच्या धोरणावर काम करते, म्हणून या भागाचे उत्तर देते. दुर्दैवाने येथे आपला कायदा फार तोकडा आहे. अनुच्छेद 20(3) हा आरोपी आणि शासन यांच्यातील संबंधापुरता आहे, खासगी मालकाच्या दारात त्याचा थेट आधार घेता येत नाही. अमेरिकेत 1988 मध्ये संसदेने स्वतंत्र कायदा करून बहुतेक खासगी मालकांना कर्मचाऱ्यांची वा उमेदवारांची पॉलिग्राफ चाचणी मागण्यास बंदी केली. त्यात चोरीच्या तपासासारखे मर्यादित अपवाद आहेत, पण त्यांनाही कडक अटी आहेत. आपल्याकडे असा कायदा नाही.

आपल्या 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याकडे पाहिले तर चिंता वाढते. 2011 च्या जुन्या नियमांत आरोग्य, बायोमेट्रिक्स अशा माहितीला ‘संवेदनशील’ मानून तिला थोडे जास्त संरक्षण होते. नव्या कायद्याने हा वेगळा वर्गच ठेवला नाही. त्यामुळे मेंदूच्या लहरींची नोंद आणि घरपोच मागवलेल्या जेवणाची नोंद कायद्याच्या दृष्टीने एकाच पंगतीला बसतात. याच कायद्याच्या कलम 7 मध्ये नोकरीशी संबंधित कारणांसाठी आणि मालकाला नुकसानीपासून वाचवण्यासाठी, कर्मचाऱ्याच्या संमतीशिवायही माहिती वापरण्याची मुभा आहे. गुन्ह्यांचा प्रतिबंध आणि तपास यांसाठी कलम 17 मध्ये सवलती आहेत. मालाची चोरी ही मालकाची हानीही आहे आणि गुन्हाही आहे, म्हणजे दोन्ही दारे एकदम उघडतात. चाचणीची सक्ती करण्याचा अधिकार या कलमांतून मिळत नाही, हे खरे. पण एकदा नोंद झाली की तिच्यावर कर्मचाऱ्याचा ताबा फारसा उरत नाही.

इतर देश या बाबतीत कोठे आहेत ते पाहण्यासारखे आहे. चिलीने 2021 मध्ये राज्यघटनेत दुरुस्ती करून मेंदूची हालचाल आणि तिच्यातून मिळणारी माहिती यांना संरक्षण दिले. तेथील माजी सिनेटर ग्विदो हिरार्दी यांनी डोक्याला लावायचे एक ग्राहकोपयोगी ईईजी उपकरण विकत घेऊन ‘इमोटिव्ह’ या कंपनीविरुद्ध दाद मागितली, आणि ऑगस्ट 2023 मध्ये चिलीच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या मेंदूची माहिती पुसून टाकण्याचा आदेश दिला. अमेरिकेतील कोलोरॅडो आणि कॅलिफोर्निया या राज्यांनी 2024 मध्ये मज्जासंस्थेपासून मिळणाऱ्या माहितीला संवेदनशील माहितीच्या यादीत घातले. याउलट 2019 मध्ये चीनच्या चच्यांग प्रांतातील एका प्राथमिक शाळेत मुलांच्या डोक्याला लक्ष मोजणाऱ्या पट्ट्या बांधल्याचे चित्रण पसरले आणि पालकांच्या संतापानंतर तो प्रकार थांबवावा लागला. शाळा आणि कारखाना या दोन्ही ठिकाणी संमतीचे स्वरूप सारखेच असते, कारण नकार देणाऱ्याला तेथेच राहायचे असते.

आपल्याकडे काय व्हावे, याविषयी माझे आग्रहाचे म्हणणे आहे. मेंदूपासून मिळणारी माहिती हा कायद्यात वेगळा वर्ग असावा. कलम 7 मधील नोकरीविषयक मुभा या वर्गाला लागू नसावी. मालकाने पॉलिग्राफ किंवा मेंदू-चाचणी मागणेच निषिद्ध असावे, कारण मागणीला परवानगी देऊन सक्तीला बंदी करणे हे कामाच्या ठिकाणी निरर्थक आहे. उपचार आणि संशोधन यांना याची झळ लागू नये, म्हणून त्यांची व्याख्या स्वतंत्रपणे करता येईल. सेल्वीने दाखवलेली वाट पंधरा वर्षांहून अधिक काळ केवळ न्यायालयाच्या निकालात राहिली आहे, संसदेने ती अजून कायद्यात आणलेली नाही, याचे मला फार वाईट वाटते.

न्यायप्रविष्ट

मोगरा यांनी लिहिलेले अचूक आहे. रानवाटा सर, आता त्या कुटुंबाने प्रत्यक्ष काय करावे ते लिहितो.

व्यवस्थापनाने तोंडी सांगितलेली गोष्ट लेखी मागावी. ‘चाचणी कोणती, कोणत्या संस्थेकडून, कोणत्या नियमाखाली, अहवाल कोणाला दिला जाणार आणि नकाराचे परिणाम काय’ एवढे विचारणारा साधा, नम्र अर्ज पुरेसा आहे. पुष्कळदा हा आग्रह लेखी मागणीपुढे टिकत नाही. चाचणीला नकार हे स्वतंत्रपणे गैरवर्तन ठरत नाही, आणि तेवढ्यावरून कामावरून काढले तर मुलगा ‘कामगार’ या व्याख्येत बसत असल्यास कामगार कायद्यांखाली त्याला दाद मागता येते. संघटना असेल तर तिला आजच कळवावे, कारण हा पाळीतील सर्वांचा प्रश्न आहे.

पोलिसांच्या बाबतीत, चौकशीस सहकार्य आणि चाचणीस संमती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नोटीस आली की हजर राहावे, खरी उत्तरे द्यावीत, वकील सोबत असावा. चाचणीस नकार एका ओळीत लेखी द्यावा, त्याला कारणे जोडू नयेत. घरच्यांनी सर्व विचार करूनही संमती द्यायचीच ठरवली, तर राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या 2000 च्या मार्गदर्शक तत्त्वांचा आग्रह धरावा, कारण सेल्वीच्या निकालाने त्यांचे पालन सांगितले आहे. चाचणीचे शारीरिक, मानसिक आणि कायदेशीर परिणाम पोलिसांनी आणि वकिलाने समजावून सांगितले पाहिजेत. संमती पोलीस ठाण्यात नव्हे, न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे नोंदवली गेली पाहिजे आणि त्या वेळी वकील हजर असला पाहिजे. प्रत्यक्ष चाचणी स्वतंत्र संस्थेने वकिलाच्या उपस्थितीत करावी आणि तिचा पूर्ण वृत्तांत नोंदीवर यावा. पोलीस ठाण्यात छापील कागदावर सही घेतली जात असेल, तर ती या तत्त्वांप्रमाणे संमती नव्हेच.

मुलाने सही केली नसेल तर उद्याच्या चौकशीआधी मला व्यक्तिगत संदेश पाठवा. त्यांच्या जिल्ह्यातील विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील कसा मिळवायचा, ते मी कळवतो.